‘तेल्या, ९३ टक्के’: यंत्राची खात्री नेमकी कशी वाचायची?

डाळिंबाच्या पानाचा फोटो मोबाइलवरच्या रोग ओळखणाऱ्या ॲपला दाखवला आणि ‘तेल्या, ९३ टक्के’ असं उत्तर आलं, तर त्या ९३चा अर्थ काय घ्यायचा? अशी शंभर पानं तपासली तर ९३ तेल्याचीच निघतील, असा? की यंत्राची स्वतःची खात्री ९३ टक्के आहे, असा? या दोन अर्थांवरून तत्त्वज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद घालत आले आहेत. आणि पुष्कळदा ॲपमधला आकडा या दोन्हींपैकी काहीच नसतो.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या पट्ट्यात डाळिंबावर घरं चालतात आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. सर्कोस्पोराचे ठिपके बुरशीचे. पानावर दोन्ही डागच दिसतात, पण बहुतेक बुरशीनाशकांनी जिवाणू मरत नाही. त्यामुळे यंत्राच्या ‘खात्री’चा अर्थ चुकीचा लावला तर फवारणीचा खर्च तर वाया जातोच, रोगालाही पसरायला वेळ मिळतो.

आकडा येतो कुठून

अशा ॲपच्या पोटात बहुधा न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारी गणिती रचना, असतं. समजा, त्याला चारच पर्याय शिकवले आहेत: तेल्या, सर्कोस्पोरा, करपा आणि निरोगी पान. फोटो पाहून ते प्रत्येक पर्यायाला एक कच्चा गुण देतं. समजा, हे गुण अनुक्रमे ५, २, १ आणि ० आले. पुढची पायरी सॉफ्टमॅक्सची. तिच्यात २.७१८ या संख्येचा त्या त्या गुणाइतका घात काढतात: १४८.४, ७.४, २.७ आणि १. यांची बेरीज १५९.५. आता १४८.४ला १५९.५ने भागलं की ०.९३. स्क्रीनवरचे ९३ टक्के ते हे.

या गणितात रोग प्रत्यक्षात किती वेळा निघतो हे कुठेच तपासलेलं नाही. चार गुणांची बेरीज शंभरावर आणून ठेवली, एवढंच झालं. म्हणून याच ॲपला कडुलिंबाचं पान दाखवा किंवा सोलापुरी चादरीचा फोटो दाखवा, ते शंभर टक्के त्याच चार खान्यांत वाटून टाकणार. ‘यांपैकी काहीच नाही’ हा खाना त्याच्याकडे नाहीच. चादरीला ‘करपा, ८० टक्के’ असं उत्तर आलं तरी गणित बरोबर असतं. चुकलेलं असतं ते त्या आकड्याला खात्री समजणं.

२०१७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की नवी, खोल (म्हणजे खूप थरांची) नेटवर्क्स जुन्या छोट्या नेटवर्क्सपेक्षा जास्त अचूक असली तरी स्वतःबद्दल गरजेपेक्षा जास्त खात्री दाखवतात. त्यावर त्यांनी वापरलेला उपाय सोपा आहे. कच्चे गुण सॉफ्टमॅक्सला देण्याआधी एका ठरावीक संख्येने भागायचे. वरच्या उदाहरणात २ने भागलं तर गुण २.५, १, ०.५ आणि ० होतात आणि ९३ टक्क्यांचे ६९ टक्के होतात. पहिला क्रमांक तेल्याचाच राहतो, आवाज मात्र खाली येतो. कितीने भागायचं हे अंदाजाने ठरवायचं नसतं. प्रशिक्षणात न वापरलेले, प्रयोगशाळेत निदान झालेले काही शे फोटो घ्यायचे आणि ज्या संख्येने आकडे वास्तवाशी सर्वांत जास्त जुळतात ती निवडायची. चादरीचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. तो वेगळ्या जातीचा आहे.

न कळण्याचे प्रकार

एक अनिश्चितता घटनेतच असते. तीन पावसाळी दिवसांनंतर एखाद्या झाडावर तेल्या येईल की नाही, हे वाऱ्यावर, पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांवर आणि छाटणीच्या कात्रीवर अवलंबून असतं. हे सगळं मोजणं शक्य नाही, म्हणून कितीही डेटा जमवला तरी इथे थोडी शंका उरतेच. दुसरी अनिश्चितता ज्ञानातली. मॉडेलने, म्हणजे ॲपमधल्या शिकलेल्या नेटवर्कने, भगवा वाणाची हजारो पानं पाहिली, पण दुसऱ्या वाणाची चाळीसच पाहिली, तर तिथला त्याचा अंदाज कच्चा राहणार. ही शंका आणखी फोटो मिळाले की कमी होते. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. इथे विचारलेला प्रश्नच मॉडेलच्या जगाबाहेरचा असतो आणि मॉडेलला त्याचा पत्ता नसतो.

पहिल्या दोघांत फरक कसा करायचा? एकाच कामासाठी पाच मॉडेल्स वेगवेगळी शिकवायची आणि एकच फोटो पाचांनाही दाखवायचा. पाचही ‘तेल्या ६० टक्के’ म्हणाली, तर फोटोतच तेल्या आणि दुसऱ्या एखाद्या रोगाची लक्षणं मिसळलेली असण्याची शक्यता जास्त. पण तीन मॉडेल्स ९८ म्हणाली आणि दोन ३ म्हणाली, तरीही सरासरी ६०च येते. ही दुसरी ६० म्हणजे मॉडेल्सनी असं पान पुरेसं पाहिलेलंच नाही याची खूण. पहिल्या वेळी पान प्रयोगशाळेत पाठवायचं, दुसऱ्या वेळी अशा पानांचे फोटो जमवून मॉडेल पुन्हा शिकवायचं. सरासरी एकच, कामं दोन. नुसती सरासरी छापणारं ॲप हा फरक झाकून टाकतं, आणि आमच्या मते आजच्या बहुतेक साधनांमधली मोठी उणीव हीच आहे.

वारंवारता की विश्वास?

संभाव्यता म्हणजे दीर्घकाळात एखादी गोष्ट किती वेळा घडते त्याचं प्रमाण, हा विचार इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १८६६ मध्ये ठामपणे मांडला. या विचाराची ताकद अशी की आकडा तपासता येतो. ॲपने ‘८० टक्के’ म्हटलेली पानं वेगळी काढायची आणि त्यातली खरोखर किती तेल्याची निघाली ते मोजायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मोजताना एक सावधगिरी हवी. अशी पानं वीसच असतील तर १६ बरोबर निघायला हवीत, पण निव्वळ योगायोगाने १३ किंवा १९सुद्धा निघू शकतात. वीस पानांवरून ॲपला खोटं किंवा खरं ठरवणं उतावळेपणाचं आहे. प्रत्येक गटात शंभर-दोनशे पानं तरी हवीत.

हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामान अंदाजांसाठी एक मोजपट्टी दिली, ती इथेही उपयोगी पडते. सांगितलेली संभाव्यता आणि घडलेलं (घडलं तर १, नाही तर ०) यांच्यातल्या फरकाचा वर्ग करायचा. ०.९ म्हटलं आणि खरं निघालं, तर दंड ०.०१. ०.९ म्हटलं आणि खोटं निघालं, तर ०.८१. प्रत्येक वेळी ‘पन्नास-पन्नास’ म्हणणाऱ्याला कायम ०.२५. या मोजपट्टीवर मनातली खात्री आहे तशी सांगणंच फायद्याचं ठरतं, फुगवून किंवा दाबून सांगितलं की सरासरी दंड वाढतो.

वारंवारतेच्या विचाराची अडचण व्हेन यांनाही दिसली होती. तुमचं पान कोणत्या गटातलं धरायचं? जिल्ह्यातल्या सगळ्या पानांच्या, मृग बहारातल्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या बहारातल्या) पानांच्या, की शेतकऱ्याने संशय आला म्हणून फोटो काढलेल्या पानांच्या? गट बदलला की आकडा बदलतो.

दुसरी बाजू म्हणते की संभाव्यता ही विश्वासाची मात्रा आहे. पुरावा पाहून शक्यतेचा अंदाज कसा करायचा यावरचा थॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे विसाव्या शतकात फ्रँक रॅम्सी आणि ब्रुनो डी फिनेटी यांनी या विचाराला पाया दिला. विश्वास मनाचा असला तरी त्याला शिस्त लागते. ‘तेल्या आहे’ यावर ६० टक्के आणि ‘तेल्या नाही’ यावरही ६० टक्के विश्वास ठेवणारा माणूस शंभर रुपये देणाऱ्या दोन्ही पैजा साठ-साठ रुपयांना विकत घेईल. १२० रुपये जातील, परत १०० येतील, काहीही झालं तरी २० रुपयांचा तोटा पक्का.

बेझचा हिशेब बागेत लावून पाहू. समजा, ॲप रोगट पानांपैकी ९० टक्के ओळखतं आणि रोग नसलेल्या पानांपैकी ८ टक्क्यांना चुकून तेल्या म्हणतं. कोरड्या हवेत, तपासलेल्या हजार पानांत पन्नासच रोगट आहेत असं धरू. ॲप त्यातली ४५ पकडेल, पण उरलेल्या ९५० पैकी ७६ वरही बोट ठेवेल. म्हणजे ‘तेल्या’ असं उत्तर आलेल्या १२१ पानांत खरी ४५, फक्त ३७ टक्के. आता मृग बहार, पाऊस आणि दमट हवा. हजारात तीनशे पानं रोगट. ॲप २७० पकडतं आणि ७०० पैकी ५६ चुकीची दाखवतं. ३२६ मधली २७० खरी, म्हणजे ८३ टक्के. ॲप तेच, उत्तर तेच, पण ऋतू बदलला की त्या उत्तराचं वजन दुपटीहून जास्त झालं. बहार न विचारता टक्केवारी सांगणारं साधन अर्धीच माहिती वापरतं.

आम्ही या वादात एकच बाजू घेत नाही. मॉडेल घडवताना आणि नवा पुरावा जोडताना बेझची रीत उपयोगी, आणि ते मॉडेल विश्वास ठेवण्याजोगं आहे का हे तपासताना वारंवारता. स्वतःला बेझवादी म्हणवणाऱ्या मॉडेललाही शेवटी प्रयोगशाळेतल्या निदानांसमोर उभं राहावंच लागतं.

नैयायिकांची शंका

या चर्चेत आपल्याकडच्या न्यायदर्शनाकडे, म्हणजे नैयायिकांच्या प्राचीन तर्कपरंपरेकडे, फारसं कुणी बघत नाही, याचं वाईट वाटतं. न्यायसूत्रांत संशयाची व्याख्या स्वतंत्रपणे दिली आहे. तिथलं नेहमीचं उदाहरण अंधुक उजेडातल्या आकृतीचं: खांब आहे की माणूस? उंची दोघांत सारखी, म्हणून मन दोन टोकांमध्ये हेलकावे खातं. वेगळं ओळखू येईल असं विशेष लक्षण, म्हणजे हात-पाय किंवा ढोली, अजून दिसलेलं नसतं आणि मन त्याच्याच शोधात असतं. म्हणजे नैयायिकांच्या शंकेत किती शंका आहे याबरोबरच ती कशामुळे आहे आणि कशाने मिटेल, हेही येतं.

पानावर हे उतरवून पाहा. डाग, त्याचा तपकिरी-काळा रंग, भोवतीची पिवळसर कडा हे समान धर्म. विशेष धर्म पाहायचा तर पान उजेडाकडे धरायचं. तेल्याचा डाग पाणीदार, तेलकट आणि अर्धपारदर्शक दिसतो. फळावर डाग असेल तर तिथे इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी भेग गेली आहे का ते बघायचं. चांगल्या ॲपने ‘तेल्या ५५, सर्कोस्पोरा ४०’ एवढ्यावर थांबू नये. ‘पान सूर्याकडे धरून मागून फोटो काढा’ असं सांगावं. संगणकशास्त्रात याचीही रीत आहे: कोणता पुढचा प्रश्न विचारला तर शंका सरासरीने सर्वांत जास्त कमी होईल, याचा हिशेब करून तोच प्रश्न आधी विचारायचा.

जैनांचा स्याद्वादही इथे लागू पडतो. प्रत्येक विधान कोणत्या तरी दृष्टिकोनातूनच खरं असतं आणि काही वेळा ‘अवक्तव्य’ हेच योग्य उत्तर असतं, अशी त्याची मांडणी. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना या तर्काशी त्याचं नातं दाखवलं होतं. ‘९३ टक्के’ हे विधानही असंच सापेक्ष आहे: अमुक फोटोंवर शिकलेल्या, अमुक चार पर्याय असलेल्या मॉडेलच्या दृष्टीने.

शंका असतानाही ठरवावं तर लागतंच

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या केल्या. शक्यता मोजता येतात ती जोखीम, मोजायला आधारच नाही ती अनिश्चितता. शक्यता मोजता येत असतील तर निर्णयाची सीमा हिशेबाने काढता येते.

समजा, एकरी फवारणीला २,५०० रुपये लागतात आणि वेळेवर केली तर २५,००० रुपयांचं नुकसान टळतं. मग रोगाची शक्यता १० टक्क्यांच्या वर गेली की फवारणी परवडते. आता मर रोगाचा संशय असलेलं झाड उपटायचं का ते पाहू. चांगलं झाड चुकून उपटलं तर ४,००० रुपये गेले. रोगट झाड लॅबचा अहवाल येईपर्यंत ठेवलं तर १,००० रुपयांचा धोका, असं धरू. इथे सीमा ४,०००ला दोन्ही रकमांच्या बेरजेने, म्हणजे ५,०००ने भागून, ८० टक्के. दोन्ही ठिकाणी यंत्राने ४० टक्के शक्यता सांगितली तर पहिल्या बाबतीत फवारायचं आणि दुसऱ्यात थांबायचं. ‘पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर हो’ हा ॲपमधला सरसकट नियम फवारणीत ४० टक्क्यांना चुकतो, आणि झाड उपटण्यात ६० टक्क्यांना. हिशेबात लपलेले खर्चही धरायला हवेत. निर्यातीच्या मालात औषधाचे अंश मर्यादेबाहेर निघाले तर माल नाकारला जातो, तेव्हा ‘फवारून टाकू’ हा पर्याय वाटतो तेवढा स्वस्त नाही.

आणि आकड्यावरच भरवसा नसेल तर? संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांचा मार्ग असा की प्रत्येक पर्यायाचा वाईटात वाईट परिणाम पाहायचा आणि त्यातला सर्वांत सौम्य निवडायचा. एकदाच होणाऱ्या, न भरून येणाऱ्या नुकसानीसाठी हे ठीक आहे. रोजच्या निर्णयांना लावलं तर माणूस कायम घाबरूनच वागेल.

मधला मार्ग ‘माहीत नाही’ म्हणण्याचा. सी. के. चाऊ यांनी १९५७ आणि १९७० च्या लेखांत यंत्राने उत्तर नाकारायची सीमा कशी काढायची ते दाखवलं. आजकाल वापरात असलेली कॉन्फॉर्मल रीत एक उत्तर देण्याऐवजी उत्तरांचा संच देते. निदान झालेले, समजा, ५०० फोटो बाजूला ठेवतात. प्रत्येकात मॉडेलने खऱ्या रोगाला किती विश्वास दिला ते पाहतात आणि ९० टक्के फोटोंना सामावून घेणारी रेषा ठरवतात. नव्या फोटोत त्या रेषेच्या वर असलेली सगळी नावं दाखवतात: कधी फक्त ‘तेल्या’, कधी ‘तेल्या किंवा सर्कोस्पोरा’. खरा रोग संचात असण्याचं प्रमाण सरासरीने निदान ९० टक्के राहतं. अट एकच, नवे फोटो त्या पाचशेच्याच जातीचे हवेत. ५०० फोटो आंबे बहारातले (हिवाळ्याच्या शेवटी धरलेल्या बहारातले) आणि वापर मृग बहारात, तर हमी संपली. म्हणून बहार बदलला की रेषा नव्याने काढावी लागते.

‘माहीत नाही’ची किंमतही कुणीतरी मोजतं. जुन्या मोबाइलचा फोटो धूसर येतो, म्हणून नकार जास्त करून त्याच शेतकऱ्यांच्या वाट्याला येतात. नाकारलेली प्रकरणं ज्या तज्ज्ञाकडे जातात त्याच्याकडे दिवसाला चाळीसांची क्षमता असताना दीडशे आली, तर तोही यंत्राच्या अंदाजावर डोळे मिटून शिक्का मारू लागतो. नकाराची सीमा ठरवताना ही दोन्ही मोजमापं घ्यायलाच हवीत.

बोलणाऱ्या यंत्रांचं काय

चॅटबॉटमध्ये अडचण वाढते, कारण तिथे टक्केवारीही दिसत नाही, दिसते ती ओघवती भाषा. एखाद्या योजनेची शेवटची तारीख माहीत नसली तरी वाक्य तितकंच सफाईदार येतं. मराठीत शिकायला मजकूर कमी, त्यामुळे ज्ञानातली शंका जास्त. पण वाक्यं अडखळत नाहीत, म्हणून ती शंका वाचणाऱ्याला जाणवत नाही.

यामागचं एक कारण गुण देण्याच्या पद्धतीत आहे. सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलांना हे लगेच कळेल. चार पर्यायांच्या प्रश्नात चुकीला दंड नसेल तर कोरं सोडण्यापेक्षा ठोकून देणं केव्हाही फायद्याचं. एक चतुर्थांश गुण वजा होत असतील तरीही आंधळ्या अंदाजाची सरासरी अधिक एक सोळांश येते. एक तृतीयांश वजा झाला तरच ती शून्यावर येते. चॅटबॉटमागची भाषा मॉडेल्स ज्या चाचण्यांवर तोलली जातात त्यातल्या पुष्कळांत चुकीला दंडच नाही आणि ‘माहीत नाही’ला गुण नाहीत. मग ती ठोकून द्यायलाच शिकणार.

वापरणाऱ्याला करता येईल अशी एक तपासणी आहे. तोच प्रश्न पाच वेळा, दर वेळी नवं संभाषण उघडून, थोडे शब्द बदलून विचारा. तारीख, रक्कम किंवा मात्रा दर वेळी वेगळी आली तर ते उत्तर टाकून द्या. पाचही वेळा एकच आली तर मॉडेल डळमळीत नाही, एवढंच कळतं. चुकीची माहिती ठामपणे पाठ झालेली असेल तरीही पाचही उत्तरं एकसारखीच येतील. औषधाची मात्रा बाटलीवरच्या लेबलवरूनच घ्यायची.

हेतूबद्दलची शंका

आतापर्यंतची शंका जगाबद्दलची होती. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल आणि त्यांचे सहकारी आणखी एका शंकेवर भर देतात: माणसाला नेमकं काय हवंय, याबद्दल यंत्राला खात्री नसावी. ठिबक चालवणाऱ्या यंत्राला ‘फळाचं वजन वाढव’ एवढंच सांगितलं आणि त्याने ते अंतिम मानलं, तर बोअरचं पाणी उपसताना शेजारच्या विहिरीचा विचार ते करणार नाही. मालकाने बंदचं बटण दाबणं हा त्याच्या हिशेबात निव्वळ अडथळा. पण मालकाला आणखी काही हवं असेल अशी शंका त्यात राखलेली असेल, तर बटणाकडे गेलेला हात त्याच्यासाठी माहिती ठरतो: आपण करतोय ते त्याला नको आहे. मग बंद होणं त्याच्याच हिशेबाने फायद्याचं ठरतं.

या मांडणीलाही मर्यादा आहे. मालक बटण उगाचच, कसंही दाबतो असं यंत्राने गृहीत धरलं, तर त्या हातातून काहीच कळत नाही आणि थांबायचं कारणही उरत नाही. म्हणून माणूस किती वेळा चुकतो याचा अंदाजही यंत्रात घालावा लागतो, आणि तो अंदाज घालणारा यंत्र बनवणाराच असतो. ठिबकचं असं यंत्र विकत घेताना ‘हाताने बंद केल्यावर हे स्वतःहून पुन्हा कधी सुरू होतं?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा आणि त्याचं उत्तर लेखी घ्यावं.